समुद्राकडून घराकडे : वर्सोव्याची उलटी वाटचाल

२०१७चा मे महिना भुसावळकरांच्या चांगलाच लक्षात आहे. ४ मे रोजी ‘स्वच्छ सर्वेक्षणा’चा निकाल लागला. ४३४ शहरांच्या यादीत इंदूर पहिलं आणि भुसावळ ४३३वं. आपल्याही खाली फक्त उत्तर प्रदेशातलं गोंडा. देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं अस्वच्छ शहर म्हणून आपलं नाव सगळीकडे छापून आलं. त्या परीक्षेत २००० पैकी ९०० गुण नगरपालिकेच्या कागदपत्रांना होते, ५०० प्रत्यक्ष पाहणीला आणि ६०० नागरिकांच्या मतांना. म्हणजे फायली नीट लावणाऱ्या गावाला वर चढायला बरीच जागा होती, असं म्हणून मनाची समजूत घालता येते. पण गावातल्या गटारी आणि रेल्वेलाइनच्या कडा रोज पाहणाऱ्याला त्या निकालाचं फारसं आश्चर्य वाटलं नव्हतं.

त्याच महिन्याच्या २८ तारखेला पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये मुंबईतल्या वर्सोवा किनाऱ्याचं कौतुक झालं. तो किनारा साफ करणाऱ्या अफरोज शाह या वकिलाचं नाव त्या दिवशी घराघरांत पोचलं. आपल्याकडे त्या बातमीची फारशी चर्चा झाली नाही. मुंबईचं काय, तिथं माणसं आहेत, पैसा आहे, सिनेमावाले आहेत, असं म्हणायची आपल्याला सवय आहे. पण वर्सोव्याची गोष्ट पैशाची नव्हती. पुढे तर ती समुद्राचीही उरली नाही. किनाऱ्यावर सुरू झालेलं ते काम नदीवर गेलं, नदीवरून वस्तीत शिरलं आणि वस्तीतून घरातल्या कचऱ्याच्या डब्यापाशी येऊन पोचलं. समुद्राकडे पाठ करून ते जसजसं जमिनीवर आत येत गेलं, तसतसं ते आपल्यासारख्या समुद्र न पाहिलेल्या गावांच्या उपयोगाचं होत गेलं. म्हणून त्याची वाटचाल इथे, किनाऱ्यापासून सुमारे साडेचारशे किलोमीटरवर बसून मांडतो आहे.

ऑक्टोबर २०१५. अफरोज शाह वर्सोव्यात समुद्रासमोरच्या घरात राहायला आले होते. खिडकीतून वाळू दिसायला हवी होती, दिसत होता कचरा. काही ठिकाणी त्याचा थर साडेपाच फुटांचा, म्हणजे माणूस उभा गाडला जाईल एवढा होता. अर्ज कसा करायचा, याचिका कशी दाखल करायची हे वकिलाला कुणी शिकवायला नको. तरीही शाह यांनी तो रस्ता धरला नाही. शेजारी राहणारे हरबंश माथुर तेव्हा ८४ वर्षांचे होते. त्यांना सोबत घेऊन त्यांनी हातमोजे चढवले आणि दोघं जण वाकून कचरा उचलू लागले. माथुर आजोबांना पुढचं यश पाहायला फार काळ मिळाला नाही, लवकरच ते गेले. पण या कामाच्या वाटचालीत पहिलं नाव लिहायचं तर माझ्या मते ते त्यांचंच लिहावं लागेल. चाळिशीच्या आतल्या वकिलाने मोहीम काढणं समजू शकतं. ८४व्या वर्षी कुणाच्या तरी घाणीसाठी वाकणं ही वेगळी गोष्ट आहे.

मग शाह दारोदार फिरले. इमारतींत गेले, किनाऱ्यालगतच्या झोपड्यांत गेले, कोळीवाड्यात गेले. समुद्रात गेलेलं प्लास्टिक मासळीचं काय करतं, हे कोळ्यांना सांगायची गरज नव्हती. जाळ्यात मासळीबरोबर पिशव्या येतात हे ते रोज पाहत होते. दर शनिवार-रविवारी किनाऱ्यावर जमायचं ठरलं. ‘वर्सोवा रेसिडेंट व्हॉलंटियर्स’ असं गटाला नाव मिळालं. शाह या कामाला ‘डेट विथ द ओशन’ म्हणतात. शाळेची मुलं आली, झोपडीतली माणसं आली, नटनट्या आल्या, पुढारी आले. नुसता कचरा काढून भागेना, कारण किनाऱ्यावर शौचाला बसणाऱ्यांना दुसरी जागा नव्हती. तेव्हा लोकांनी ५२ सार्वजनिक शौचालयं धुतली. नारळाची ५० रोपं लावली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने या कामाला जगातली सगळ्यात मोठी किनारा-सफाई म्हटलं आणि डिसेंबर २०१६ मध्ये शाह यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. कार्यक्रमाचे तेव्हाचे प्रमुख एरिक सोल्हाइम स्वतः वर्सोव्यात येऊन कचरा उचलून गेले. २०१७च्या मध्यापर्यंत अडीच किलोमीटरच्या पट्ट्यातून ५० लाख किलोंहून जास्त कचरा निघाला होता.

आकड्यांनी डोळे दिपतात, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. ५० लाख किलो कचरा एका किनाऱ्यावर आला कुठून? वर्सोव्याच्या लोकांनी तो टाकला नव्हता. वर्सोवा मालाडच्या खाडीच्या तोंडाशी आहे. उपनगरांतले नाले आणि नद्या जे आणतात ते खाडीवाटे समुद्रात जातं आणि भरतीच्या पाण्याबरोबर पुन्हा वाळूवर येऊन पडतं. पावसाळ्यात तर समुद्र खवळला की महापालिकेचे डंपर कमी पडतात. म्हणजे शनिवारी साफ केलेला किनारा पुढच्या शनिवारी पुन्हा भरलेला. दोन वर्षं हे असं चाललं. स्वयंसेवकांच्या चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडी. पण एखादा आपला खान्देशी माणूस तिथे उभा असता तर त्याने दुसऱ्याच महिन्यात विचारलं असतं, की नळ बंद न करता फरशी किती वेळ पुसायची?

नोव्हेंबर २०१७ मध्ये मोहीम थांबली. शंभराहून अधिक आठवडे सलग चाललेलं काम शाह यांनी स्वतःच थांबवल्याचं जाहीर केलं. कारणं दोन होती : गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जात नव्हता, आणि स्वयंसेवकांना शिवीगाळ, धमक्या सुरू झाल्या होत्या. कौतुक झालं, सन्मान मिळाला, पंतप्रधानांनी नाव घेतलं आणि सहा महिन्यांत ही वेळ आली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लक्ष घातलं, मदतीचं आश्वासन मिळालं आणि काम पुन्हा सुरू झालं. पुढच्या वर्षी अमिताभ बच्चन यांनी एक ट्रॅक्टर आणि एक उत्खनन यंत्र दिलं. संस्थांच्या इतिहासात असे खंड सहसा गाळले जातात. मला मात्र या वाटचालीतला हाच टप्पा महत्त्वाचा वाटतो. लोकांनी उचललेला कचरा पुढे कुठे जाणार, याची सोय नसेल तर उचलणारे हात किती असले तरी काम तिथेच अडतं. ढीग किनाऱ्यावरून किनाऱ्याच्या कडेला सरकतो, एवढंच.

नंतर आली ती कासवं. २२ मार्च २०१८ रोजी वर्सोव्याच्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं बाहेर पडताना दिसली. किमान ८० पिल्लं समुद्रात गेली. कुत्र्यांपासून जपण्यासाठी स्वयंसेवकांनी पहारा दिला. या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं दिसली ती जवळपास वीस वर्षांनी. आणि योगायोग असा की दुसऱ्याच दिवशी, २३ मार्च २०१८ला, महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी वर्सोव्याच्या पिल्लांचे फोटो छापले. किनारा साफ झाला म्हणूनच कासवीण आली, असं एका घरट्यावरून छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण साडेपाच फूट कचऱ्याखाली तिला वाळू सापडली नसती, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. मादीला खड्डा करायला मोकळी वाळू लागते. ती एका वेळी शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि परत समुद्रात जाते. पुढचे पन्नासेक दिवस त्या अंड्यांना ऊब देण्याचं काम वाळूच करते. पिल्लं बाहेर आली की उजेडाच्या दिशेने पाण्याकडे धावतात. वाटेत जाळ्याचा तुकडा असला की पिल्लू तिथेच अडकतं.

कोकणात कासवं राखायचं काम त्याआधी किती तरी वर्षं चाललं होतं. १९९२ साली चिपळूणमध्ये स्थापन झालेल्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, २००२ मध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. तोवर अंडी चोरून खाल्ली किंवा विकली जात. गावातल्याच तरुणांना हाताशी धरून संस्थेने जाळीच्या कुंपणात अंडी सुरक्षित ठेवली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे येऊ लागले, घराघरांत जेवणाची-राहण्याची सोय झाली आणि ज्या अंड्यांचे चार पैसे मिळायचे त्याच अंड्यांतून निघालेल्या पिल्लांमुळे गावाला रोजगार मिळाला. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्याच किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं गेलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलेचा असा माग प्रथमच घेतला गेला. राज्याच्या कांदळवन कक्षाने डिसेंबर २०१८ पासून आणखी एक चांगली योजना आणली. जाळ्यात कासव, देवमासा किंवा इतर संरक्षित प्राणी अडकला आणि कोळ्याने जाळं कापून त्याला सोडलं, तर फाटलेल्या जाळ्यापोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. वेळास असो वा ही योजना, दोन्हींत एक सूत्र आहे : प्राणी वाचवणाऱ्याच्या हातात काही पडलं पाहिजे. वर्सोव्याच्या मोहिमेत नेमकी हीच बाजू सुरुवातीला कच्ची होती.

आता जरा प्लास्टिककडे वळू, कारण सगळं प्लास्टिक सारखं नसतं आणि कासवाच्या जिवाचा प्रश्न या फरकात दडलेला आहे. दुधाची पिशवी, कॅरीबॅग, बाटलीचं झाकण, दोरी, चटई ही पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीनची; ती पाण्यावर तरंगतात. पाण्याची बाटली पेटची आणि पाइप पीव्हीसीचा, ते बुडतात. झाकण घट्ट लावलेली रिकामी बाटली मात्र हवेमुळे तरंगते. भंगाराच्या गोदामात माल ओळखायची ही जुनी युक्ती आहे, तुकडे पाण्याच्या टाकीत टाकायचे आणि वर आलेले, खाली गेलेले वेगळे करायचे. जो गुण टाकीत कामाला येतो, तोच समुद्रात घात करतो. तरंगणारी पिशवी पाण्यात जेलिफिशसारखी दिसते आणि जेलिफिश हे बऱ्याच समुद्री कासवांचं खाणं. नुसतं दिसण्यानेच ती फसतात असंही नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लॉगरहेड कासवांना समुद्रात मुरून शेवाळ-जिवाणू चढलेल्या प्लास्टिकचा वास दिला, तेव्हा ती अन्नाच्या वासाला देतात तसाच प्रतिसाद देत होती. नवीन, कोरं प्लास्टिक त्यांना फसवत नव्हतं. म्हणजे पिशवी जितकी जास्त दिवस समुद्रात, तितकी ती कासवाला खाण्यासारखी वाटते. पोटात गेलेली पिशवी आतडी अडवते. गाय आणि पिशवी यांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. कासवाची तीच, फक्त ती पाहायला कुणी नसतं.

आणि इथेच किनारा-सफाईची मर्यादा लक्षात येते. किनाऱ्यावरून उचललेलं प्लास्टिक पुनर्वापराच्या कामाचं फार थोडं असतं. उन्हाने ते कडक होऊन चुरतं, त्यात वाळू-मीठ भरलेलं असतं, चार जातींचं प्लास्टिक दोरीला आणि जाळ्याला गुंतलेलं असतं. ते सोडवायची, धुवायची मजुरी मालाच्या किमतीपेक्षा जास्त. भंगारवाला ते घेत नाही आणि त्याचं बरोबर आहे. घरातून निघालेली स्वच्छ, कोरडी दुधाची पिशवी मात्र तो घेतो. तीच पिशवी खरकट्यात मिसळली की तिची किंमत शून्य होते आणि समुद्रात जाऊन आली की उणे होते, कारण मग ती उचलायलाच पैसे लागतात. लाखो किलो उचलून झाल्यावर वर्सोव्याच्या मंडळींना हे कळलं नसतं तरच नवल.

पुढचा टप्पा म्हणून काम मिठी नदीवर गेलं. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघून आरे, साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल असं फिरत माहीमच्या खाडीत उतरणारी ही सुमारे १८ किलोमीटरची नदी. २६ जुलै २००५च्या प्रलयात, एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, अनेक मुंबईकरांना आपल्या शहरात नदी आहे हे कळलं. अफरोज शाह फाउंडेशनच्या स्वयंसेवकांनी नदीच्या वरच्या टोकाकडची पवईजवळची फिल्टरपाड्यासारखी वस्ती कामासाठी धरली. तिथे नदीकाठी हजारो घरं आणि घंटागाडी पोचणार नाही अशा गल्ल्या. नदीतून कचरा काढणं सुरू होतंच, पण त्याबरोबर घरोघरी जाऊन बोलणं सुरू झालं : प्लास्टिक वेगळं ठेवा, नदीत टाकू नका, ते आम्ही नेतो. किनाऱ्यावर जे काम उचलण्याचं होतं ते इथे अडवण्याचं झालं. २०१९ मध्ये सीएनएन वाहिनीने त्या वर्षीच्या दहा ‘हिरों’मध्ये शाह यांची निवड केली, तेव्हा किनारे आणि जलमार्गांवरून काढलेल्या कचऱ्याचा आकडा ६ कोटी पौंड, म्हणजे साधारण पावणेतीन कोटी किलो सांगितला गेला. त्याच वर्षी डिसेंबरात स्वीडनचे राजे आणि राणी वर्सोव्यात येऊन सफाईत सामील झाले. राजाने कचरा उचलल्याचे फोटो देखणे होते. पण या संस्थेचा खरा पराक्रम फिल्टरपाड्यातल्या बाईने प्लास्टिकची वेगळी पिशवी खिळ्याला टांगली हा आहे, आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही.

आता आपल्या नदीकडे. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळते. आषाढ शुद्ध सप्तमीला आपण तिचा जन्मोत्सव करतो. चांगदेवला पूर्णा तिला मिळते, हतनूरला धरण अडवतं, मग ती भुसावळजवळून पुढे जाते. आपल्या गटारीत टाकलेली पिशवी समुद्रातल्या कासवापर्यंत जाते का? खरं उत्तर असं की बहुतेक वेळा जात नाही. पुढे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बंधारे आहेत, त्यानंतर उकाईचा मोठा जलाशय आहे, काकरापार आहे. पिशवी काठाच्या बाभळीला अडकते, गाळात रुतते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने हेच सांगितलं : नद्यांवाटे समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के प्लास्टिक हजारभर नद्यांतून येतं आणि त्यात किनाऱ्याजवळच्या शहरांमधल्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. मिठी, ओशिवरा यांसारख्या नद्या त्यात बसतात. आपण बरेच आत आहोत.

म्हणून सुटलो असं मात्र नाही. ४५ अंशांच्या उन्हात काठावर अडकलेली पिशवी वर्ष-दोन वर्षांत ठिसूळ होते आणि तिचे बारीक कण होतात. कणांना बंधारा अडवत नाही, आणि भुसावळ पिण्याचं पाणी तापीतूनच उचलतं. त्यातून खान्देशात नुसत्या घरातलंच प्लास्टिक नाही. केळीच्या घडांवर चढवलेल्या स्कर्टिंग बॅगा, ठिबकच्या नळ्या, मल्चिंग पेपर, खतांच्या गोण्या असा शेतीचा कचरा रावेर-यावलच्या प्रत्येक शिवारात निघतो. त्यातली ठिबकची जुनी नळी शेतकरी फेकत नाही, कारण तिला भंगारात भाव आहे. मल्चिंग पेपर मात्र बांधावर जाळला जातो किंवा ओढ्यात जातो. तो पातळ, फाटका, मातीने भरलेला, त्याला गिऱ्हाईक नाही. ज्या प्लास्टिकला भाव आहे ते नदीत जात नाही, हे आपल्या शेतावर इतकं स्पष्ट दिसत असताना घरात आपण ते विसरतो.

आणि गिऱ्हाईक तर आपल्या दाराशी आहे. जळगावची एमआयडीसी हे देशातल्या प्लास्टिक धंद्याचं एक मोठं ठिकाण. पीव्हीसी पाइप आणि ठिबकच्या नळ्यांनी जळगावचं नाव झालं, तसं चटईनेही झालं. जळगावची प्लास्टिकची चटई देशभर अंथरली जाते, परदेशातही जाते. या चटईच्या धंद्याला लागणारा प्लास्टिकचा दाणा सगळा कोरा नसतो. भंगारातून बनवलेला दाणाही मोठ्या प्रमाणावर लागतो. भंगार आलं की बायका ते जातीप्रमाणे आणि रंगाप्रमाणे निवडतात, मग ते दळलं जातं, धुतलं जातं, वाळवून यंत्रात वितळवलं जातं, शेवयांसारख्या तारा पाण्यातून काढून कापल्या की दाणा तयार. त्या दाण्यातून पुन्हा चटईची नळी ओढली जाते आणि मागावर विणली जाते. पांढऱ्या मालाला रंगीत मालापेक्षा भाव जास्त, एकाच जातीच्या मालाला मिसळीपेक्षा जास्त. या सगळ्या साखळीत भाव ठरतो तो पहिल्या निवडीत, आणि ती निवड कारखान्यात होते त्याहून स्वस्तात घरात होऊ शकते. वर्सोव्याच्या लोकांना आपला कचरा कुठे पाठवायचा हा प्रश्न पडला होता. तो खपवणारा अख्खा धंदा आपल्याकडे आगगाडीने अर्ध्या तासावर आहे.

मधला दुवा कचरावेचकांचा आहे, त्यांच्याबद्दल थोडं. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. कचऱ्यात हात घालणाऱ्या बायांना संघटना मिळाली, महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं मिळाली. २००८ पासून त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेबरोबर करार करून घरोघरचा कचरा गोळा करायला सुरुवात केली. उकिरड्यावर वाकून वेचण्याऐवजी ती बाई दारात येऊन वेगळा केलेला कचरा घेते, सुक्यातला विकता येईल तो माल तिचा. सफाई मोहिमांना हे जमत नाही, कारण मोहीम शनिवार-रविवारी असते आणि कचरा रोज असतो. भुसावळात सूर्योदयाआधी गोणी घेऊन फिरणाऱ्या बाया-मुलं आपण सगळेच पाहतो. त्यांच्या हातून जेवढं प्लास्टिक नदीत जायचं वाचतं, तेवढं कुठल्याही घोषणेने वाचलेलं नाही. त्यांचं नाव मात्र कुठल्याच सर्वेक्षणाच्या कागदपत्रांत नसतं.

प्लास्टिकची एक जात अशी उरते की तिचं काय करायचं हे कुणालाच धड सांगता येत नाही. वेफर्सची, बिस्किटांची, शांपूची, गुटख्याची पुडी. तिच्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही, त्यामुळे भंगारात तिला भाव नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जाते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. पुड्या कुठून येतात हे गटारीला विचारावं. २०१६च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांनी अशा वेष्टनाची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. ती पाळली जाते की नाही हे विचारायचं काम ग्राहकाचं नव्हे तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं आणि नगरपालिकेचं. सगळं ओझं घरातल्या बाईच्या डब्यावर टाकून कंपन्या मोकळ्या होऊ नयेत, एवढं इथे नोंदवून ठेवतो. वर्सोव्यातही सगळ्यात चिवट कचरा याच पुड्यांचा.

वर्सोव्याचं काम संपलेलं नाही. पावसाळ्यात समुद्र अजूनही कचरा वाळूवर आणून टाकतो आणि माणसं अजूनही जाऊन तो उचलतात. संस्थेचं यश मोजायचं तर उचललेल्या किलोंवर न मोजता, दर वर्षी उचलावे लागणारे किलो किती घटले यावर मोजावं, असं मला वाटतं. तो हिशेब अवघड आहे, कारण न टाकलेला कचरा तोलता येत नाही आणि त्याला पुरस्कारही नसतो.

भुसावळच्या वाचकांना एक विनंती. मोहीम काढायच्या, बॅनर छापायच्या आधी घरात दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो बारीक तुकडा कुठल्याच निवडीत सापडत नाही. पिशवी धुवून, वाळवून ठेवा. आणि आपल्या गल्लीत किंवा रेल्वे क्वार्टरमध्ये येणाऱ्या भंगारवाल्याला या रविवारी थांबवून तो कोणतं प्लास्टिक घेतो, कोणतं घेत नाही आणि का, एवढं विचारून घ्या. घरातल्या डब्यांची वाटणी त्याच्या उत्तराप्रमाणे करा.